ढग गिळणारा चेअरमन आणि सुकडीचे पोस्टर

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही, कारण माझ्या नोकरीतली सर्वांत विचित्र तक्रार त्याच्या सुरुवातीला आहे. स्टेशन डायरीत ती मी स्वतःच्या हाताने लिहिली होती : 'तक्रारदार सांगतात की त्यांनी ढग गिळलेले नाहीत.'

बहात्तरचा दुष्काळ चालू होता. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फौजदार होतो. दुष्काळात पोलिसांचे काम बदलते. चोऱ्या कमी होतात, कारण घरात नेण्यासारखे काही उरलेले नसते. भांडणे वाढतात. सकाळी पाण्याच्या टँकरवर बंदोबस्त, दुपारी चारा डेपोवर, आणि पगारवाटप असले की दुष्काळी कामावर. माझी निम्मी माणसे रोज ठाण्याबाहेर असत.

त्यातच तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाची निवडणूक आली. एरवी खत आणि बियाणे विकणारी ही संस्था त्या वर्षी फार महत्त्वाची झाली होती. दुष्काळी कामावरच्या मजुरांना आणि त्यांच्या मुलांना सरकार सुकडी देत असे. सुकडी म्हणजे भाजलेल्या धान्याचे पीठ, त्यात गूळ. तिची पोती ठेवायला सरकारने संघाचे गोदाम घेतले होते. त्यामुळे संघ ज्याच्या ताब्यात, तालुक्याचे तोंड त्याच्याकडे, अशी स्थिती होती.

दोन पॅनेल उभी होती. जुन्या चेअरमनच्या पॅनेलची निशाणी छत्री. विरोधात गावातल्या एका वकिलाचे पॅनेल, निशाणी कंदील. पाऊस नसलेल्या वर्षी छत्री निशाणी मिळणे हे चेअरमनचे दुर्दैव, आणि ते दुर्दैव नेमके एका पेंटरच्या हाती लागले.

पेंटर गावातल्याच बौद्ध वस्तीत राहणारा, तिशीच्या आतला, चित्रकलेची परीक्षा उत्तीर्ण झालेला. दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरवरची नावे रंगवून तो पोट भरत असे. दुष्काळात तेही काम आटले. वकिलाने त्याला प्रचाराची पोस्टर काढायला सांगितले. सिनेमाच्या जुन्या पोस्टरांच्या पाठीवर गेरू, काजळी आणि नीळ एवढ्या रंगांत तो चित्र काढी आणि कोपऱ्यात सहीऐवजी एक लहान कावळा.

त्याच सुमारास जिल्हा परिषदेच्या एका शाळेवर चित्रकला शिक्षक म्हणून त्याची निवड झाली होती. चारित्र्य पडताळणी झाली की हुकूम निघणार होता. पडताळणीचा कागद माझ्या टेबलावर येऊन पडला होता. कोणत्याही गुन्ह्यात नाव आले तर ती नोकरी संपली, हे त्यालाही माहीत होते आणि मलाही.

एके सकाळी चेअरमन ठाण्यात आले. उंच, धिप्पाड, आवाज सभेत कमावलेला. त्यांनी टेबलावर एक पोस्टर उलगडले. चित्रात ते स्वतः छत्रीखाली खुर्चीत बसून जांभई देत होते. जबडा विहिरीएवढा. आकाशातले ढग रांगेने त्या तोंडात शिरत होते. खाली मजकूर : 'पाऊस कुठे गेला? चेअरमनसाहेबांना विचारा. त्यांना जांभई आली होती.'

"म्या ढग गिळले व्हय, फौजदारसाहेब? तुमीच सांगा."

"नाही."

"मग लिवून घ्या."

"काय लिहू?"

"हेच. गिळले न्हाय म्हणून."

माझा हवालदार खोकल्याचे निमित्त करून बाहेर गेला. मी गंभीरपणे लिहून घेतले.

"लोक हसतेत, साहेब," चेअरमन म्हणाले. "काल टँकरवर म्या जांभई दिली, तर एक म्हातारी वर आभाळाकडं बगाय लागली. सगळी रांग हसली. आता म्या जांभई बी द्यायची न्हाय का?"

मी त्यांना कायदा समजावून सांगितला. बदनामीची तक्रार अदखलपात्र. पोलीस तपास करू शकत नाहीत, त्यांनी कोर्टात जावे.

"म्हंजी कोर्टात उभं राहून जजसाहेबापुढं बी हेच सांगू?"

ते कसे दिसेल याची त्यांना कल्पना होती. त्यांनी पोस्टरची गुंडाळी केली. दारात थांबून ते म्हणाले, "पेंटरला मास्तर व्हायचंय म्हणं. त्याच्या वागणुकीचा कागद तुमच्याकडंच हाय. पोलिसात नाव असलेला गडी शाळेत लेकरं शिकवणार व्हय?"

"पोलिसात त्याचे नाव नाही."

"व्हईल की. इलेक्शन हाय," असे म्हणून ते गेले.

निवडणुकीच्या दिवसांत मोठी माणसे असे बरेच बोलतात. त्यातले निम्मे हवेत जाते. हे गेले नाही.

काही दिवसांनी सकाळीच एका गावचा पोलीस पाटील सायकल हाणत ठाण्यात आला. धापा टाकीत म्हणाला, "साहेब, कामावर चला. बायांनी सुकडी मातीत टाकली. लेकरांच्या हातातली बी काढून घेतली."

"का?"

"विष हाय म्हणतेत तिच्यात. पोस्टर लागलंय."

रस्त्याच्या खडीचे ते काम होते. अवजारे ठेवायच्या दगडी खोलीच्या भिंतीवर पोस्टर होते. एक पोते, त्यावर कवटी, आणि शांत, सरळ अक्षरात मजकूर : 'सावधान. संघाच्या गोदामातील सुकडीत कीड मारण्याचे औषध मिसळले गेले आहे. शेजारच्या तालुक्यात लहान मुले दगावली आहेत. चेअरमन यांना माहीत आहे. खाऊ नका.' कोपऱ्यात कावळा. बाजूलाच जुने ढगांचे पोस्टर तसेच होते.

पोस्टर वाचता येणारे तिथे थोडे होते, पण एकाने वाचले की पुरे होते. बाया खडीच्या ढिगाऱ्यांवर गप्प बसल्या होत्या. मुले रडत होती. सर्व जणी जिला आत्या म्हणत, अशी एक पोक्त बाई पुढे आली. तिच्या कडेवर नातू होता. मी तिला सांगितले, ही अफवा आहे, सरकारी माल तपासून येतो.

"तुमी खाल्ली का?" तिने विचारले.

मी सुकडीची मूठ घेऊन तिच्यासमोर खाल्ली. तिने माझे चावणे शेवटपर्यंत पाहिले.

"तुमी जवान गडी. तुमाला काय व्हतंय?" ती म्हणाली. "लेकराचं पोट तसलं नसतं, साहेब. येक दिस उपाशी राहिलं तर रडंल. मेलं तर कुठनं आणू?"

आजूबाजूच्या कामांवरूनही त्याच खबरी येत होत्या. तालुकाभर दुष्काळी कामांवरची मुले त्या दिवशी उपाशी राहिली, आणि दुसऱ्या दिवशीही राहणार हे उघड होते.

त्याच दुपारी संघाच्या आवारात चेअरमनची सभा झाली. मांडव, स्टेज, तुळजापूरहून आणलेला लाऊडस्पीकर. स्टेजवर परातीत सुकडी. चेअरमननी ओंजळ भरून खाल्ली आणि आवाज चढवला, "ढग गिळले म्हणले, म्या गप बसलो. पोटाला गोदाम म्हणले असते तरी गप बसलो असतो. पण गरिबाच्या घासात इष हाय म्हणतेत! हे राजकारण न्हाय, पाप हाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणारे संघाचे सभासद होते, जमीनवाले. त्यांच्यापैकी कोणाचे मूल सुकडीवर जगत नव्हते. ज्यांची जगत होती त्या बाया खडी फोडत होत्या.

सभा संपल्यावर जमाव ठाण्यावर आला. पेंटरला अटक करा. वकील सर्वांत आधी येऊन लिहून देऊन गेला की ढगांचे पोस्टर आमचे, हे आमचे नाही, पेंटरने परस्पर काही केले असल्यास आम्ही जबाबदार नाही. ज्याच्या कंदिलासाठी पेंटरने महिनाभर बोटे रंगवली, तो असा मोकळा झाला.

हवालदार माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, मांडवाच्या मेढी काल सांजच्यालाच रोवल्या होत्या. म्या टँकरवरनं येताना बघितल्या."

पोस्टर लागायच्या आधी उत्तराची सभा ठरली होती. पण मांडव निवडणुकीत कोणीही घालतो. संशयाला जागा झाली, पुरावा झाला नाही. अफवा पसरवून लोकांत भीती निर्माण करणे हा दखलपात्र गुन्हा. मी तो अज्ञात इसमाविरुद्ध दाखल केला आणि पेंटरला चौकशीसाठी बोलावले. पडताळणीचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

पेंटर समोर बसला तेव्हा त्याच्या नखांत गेरू होता.

"ढगाचं माझं," तो म्हणाला. "हे माझं न्हाय."

"कावळा तुझाच आहे."

"कावळा कुणाला बी काढता येतो, साहेब. हे वाचून तुमाला हसू आलं का?"

"नाही."

"मग माझं कसं? चेअरमननं ढग गिळले, हे वाचणाऱ्याला कळतं की पेंटर थापा मारतोय. ती थाप आहे हे लांबून दिसावं म्हणूनच एवढी मोठी मारतो मी. हे बगा." त्याने विषाच्या पोस्टरवर बोट ठेवले. "शेजारच्या तालुक्यात लेकरं दगावली. कुठल्या गावात? कुणाची? न्हाय लिवलं. म्हंजी कुणी जाऊन बघू नये. ह्याला हसवायचं न्हाय. ह्याला पटवायचंय."

युक्तिवाद चांगला होता. पण युक्तिवादावर आरोपी सुटत नाही, तसाच पकडलाही जात नाही. मी त्याला त्याच्या कामाबद्दल विचारू लागलो. कागद कुठला, कुंचा कसला, खळ कशाची.

"खळ चिंचोक्याची. आत मोरचूद."

"मोरचूद कशाला?"

"गेल्या इलेक्शनला पिठाची केली होती. निम्मा प्रचार शेरडांनी खाल्ला, साहेब. ह्या साली तर त्यांना भिंतीशिवाय खायला काय हाय? मोरचुदानं कडू होतं. तोंड लावतेत आन् बाजूला होतेत."

मी ते जबाबात लिहिले. तेव्हा त्याचे महत्त्व मला कळले नव्हते. उठताना तो म्हणाला, "माझा कागद तुमच्याकडं हाय ना, साहेब? उशीर झाला तरी चालंल. तेवढा लाल शाईचा करू नका."

मी त्याला कोठडीत टाकले नाही. रोज हजेरी द्यायला सांगून सोडले. जमावाला ते आवडले नाही.

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन मी पोस्टरांचा पंचनामा करायला निघालो. पहिल्या गावी चावडीच्या भिंतीवर ढगांचे पोस्टर शाबूत होते, विषाचे नव्हते. दुसऱ्या गावी देवळाच्या कट्ट्यापाशी तेच. ढग आहेत, विष नाही. कागदाचे चार कपटे भिंतीला चिकटलेले.

"कोणी फाडले?" मी विचारले.

हवालदाराने बोट दाखवले. भिंतीशेजारी शेळ्यांचा कळप रवंथ करीत बसला होता. "पुरावा खाल्ला, साहेब. अटक करू का?"

पंच हसले. मी हसलो नाही, कारण भिंतीपाशी आणखी एक शेळी होती. कागद संपला होता, तरी ती दगड चाटत होती.

तिसरे ठिकाण खडीचे काम. इथे पोस्टर उंच लावलेले असल्याने वरचा भाग वाचला होता. एक शेळी मागच्या पायांवर उभी राहून उरलेल्या कडेला जीभ लावत होती. जमिनीपासून भिंतीवर मुंग्यांची रांग चढली होती आणि थेट पोस्टरच्या पाठीमागे शिरत होती. शेजारच्या ढगांच्या पोस्टरकडे एकही मुंगी फिरकली नव्हती.

मी सुरीने खळ खरवडली. तांबूस, रवाळ, वाळलेली. मैद्याची किंवा चिंचोक्याची खळ अशी दिसत नाही. नाकाशी नेली तर गुळाचा वास. आदल्या दिवशी त्याच जागी उभे राहून मी मूठभर खाल्लेली गोष्ट मला ओळखू आली. ती सुकडी होती.

सुकडी विषारी आहे असे सांगणारे पोस्टर कोणीतरी सुकडी शिजवूनच भिंतीला चिकटवले होते.

पुढचा विचार सोपा होता. मजुराला सुकडी पळीने मिळे आणि तिथल्या तिथे संपे. तालुकाभर पोस्टर डकवायला ती बादल्यांनी लागते. तेवढी एकाच ठिकाणी होती, संघाच्या गोदामात. किल्ली गोदामवाल्याच्या कमरेला, आणि गोदामवाला चेअरमनच्या शब्दाबाहेर नव्हता. नमुना सीलबंद करून एका शिपायाच्या हाती येडशी स्टेशनला पाठवला, तिथून तो रेल्वेने प्रयोगशाळेकडे जाणार होता. पण अहवाल यायला फार वेळ लागतो, आणि मुले तोवर थांबणार नव्हती.

गोदामवाल्याला मी दुपारी बोलावले. पान खाणारा, ठेंगणा, आपल्या कामाचा अभिमान असलेला माणूस. चौकशीबद्दलचा माझा अनुभव असा की 'हे तू केलेस का' असे विचारले तर माणूस नाही म्हणतो. 'हे असे वाईट का केलेस' असे विचारले तर तो आपल्या कामाची बाजू घेतो. मी त्याला चहा दिला आणि सहज म्हणालो, "तुम्ही एवढे जुने माणूस. खळ अशी करतात का? एका दिवसात पोस्टर गळून पडले."

"गळलं न्हाय, साहेब. शेरडांनी खाल्लं."

"चांगली खळ शेरडे खातात का? मैदा घ्यायचा होता."

"आता मैदा कुठं हाय?" तो उसळून म्हणाला. "हाटेलवाल्याला परमिटवर मिळंना, आमाला कोण देतंय? गोदामात जे हाय त्येच शिजवा—"

तो थांबला. हवालदार लिहीत होता. गोदामवाल्याने चहाची बशी खाली ठेवली.

"म्या नुस्तं शिजवलं, साहेब. लिवलं आमच्या कारकुनानं. ढगाचं पोस्टर फुडं ठिवून कावळा काढला."

"सांगितले कोणी?"

"चेअरमनसाहेबांनी. येक दिसाचा खेळ हाय म्हणले. रातीत लावा, दुपारी म्या स्टेजवर खाऊन दावतो. पेंटर आत जातो, कंदील इझतो, मिटलं."

"आणि चेअरमननी खाऊन दाखवल्यावरही बायांनी मुलांना खाऊ घातली नाही तर?"

"त्याचा इचार कुणी केला न्हाय, साहेब."

पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही. त्या कबुलीतून जी वस्तू सापडते ती टिकते. पंचांना घेऊन आम्ही गोदामात गेलो. गोदामवाल्याने स्वतः पोती सरकवून जागा दाखवली. तळाशी करपलेली खळ असलेले घमेले, वाळलेला कुंचा आणि उरलेली विषाची पोस्टर. त्यांच्यावरही मुंग्या होत्या. पंचनामा झाला.

चेअरमनना मी त्यांच्या कचेरीत भेटलो. त्यांनी नाकारण्याचा प्रयत्न थोडाच वेळ केला. मग चिडले.

"बादलीभर पिठासाठी केस करता व्हय, फौजदारसाहेब?"

हे वाक्य त्यांनी मनापासून उच्चारले. इतकी पोती रोज नजरेसमोर असल्यामुळे सुकडी हे कोणाचे अन्न आहे, हे त्यांच्या लक्षातच राहिले नव्हते. दुष्काळातल्या दुसऱ्या कोणत्याही माणसाने खळीसाठी सुकडीला हात लावला नसता. ही चूक फक्त भरल्या गोदामाच्या मालकालाच करता येत होती.

आरोपी ताब्यात आले, पण माझे काम संपले नव्हते. मी जीप घेऊन परत खडीच्या कामावर गेलो. सुकडीची पिंपे भरलेली होती, पळी कोरडी. मी बायांना सांगितले की पोस्टर खोटे होते, ते चेअरमनच्याच माणसांनी लावले.

"आसं तुमी म्हणता," आत्या म्हणाली.

ती शेळी अजून भिंतीपाशीच होती. मी विचारले, "ही शेळी कोणाची?"

"माझी."

"काल काय खाल्ले तिने?"

"काय खाल्लं? तुमचं पोस्टर!"

बाया हसल्या. दोन दिवसांत त्या कामावर मी ऐकलेले ते पहिले हसू.

"मग तिला काय झाले?"

"तिला काय व्हतंय? सकाळी दूध जास्ती दिलं मुडदीनं."

"आत्या, ते पोस्टर ज्या खळीने चिकटवले होते, ती खळ सुकडीची होती. हीच सुकडी, गोदामातली, तुमच्या वाट्याची. बादल्या भरभरून शिजवली."

हसू थांबले. आत्या भिंतीकडे गेली. उरलेल्या कडेवर तिने बोट फिरवले, जिभेला लावले आणि उभी राहिली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "म्हंजी आमच्या लेकरांच्या तोंडचं काढून भिताडाला लावलं?"

"हो."

"आन् वर लिवलं, तुमी खाऊ नका?"

"हो."

तिने पिंपापाशी जाऊन पळी उचलली. आधी स्वतः खाल्ले. मग नातवाला कडेवरून उतरवून त्याच्या ओंजळीत घातले.

"खा रं. शेरडाला पचतंय, तुला कामून न्हाय?"

मूल खाऊ लागले तसे सगळ्या बाया उठल्या. रांग लागली, आणि नेहमीप्रमाणे रांगेत भांडणेही लागली. एवढ्या आनंदाने मी भांडण कधी ऐकले नाही. एक पळी जास्त मागणाऱ्या बाईला दुसरी म्हणाली, "चेअरमनच्या भिताडाला ठिव की थोडी!" ते वाक्य संध्याकाळपर्यंत पुढच्या कामावर पोहोचले आणि दोन दिवसांत तालुकाभर झाले.

त्या बायांना संघाच्या निवडणुकीत मत नव्हते. पण आठवडी बाजारात त्या जिथे जिथे छत्रीवाला दिसेल तिथे एकच विचारत : "आमची सुकडी कुठं लावली, सायब?" विचारून पुढे चालू लागत. शिवी नाही, घोषणा नाही. भर बाजारात त्याला काय उत्तर देणार? मतमोजणीत छत्रीचा एकही उमेदवार निवडून आला नाही.

वकील परत पेंटरकडे धावला. नवे पोस्टर हवे होते. पेंटरने त्याला चहा पाजला आणि नकार दिला. मग स्वतःसाठी एक काढले आणि बरोबर ठाण्यासमोरच्या भिंतीवर लावले. चित्रात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चष्मा लावलेली, हत्तीएवढी शेळी उभी. समोर टीचभर फौजदार, मिशा दोन खराट्यांसारख्या, टेलिफोनच्या खांबाएवढ्या टाकाने लिहून घेतोय. शेळी सांगत होती, 'मी खाल्लं, मला ठाऊक हाय.'

हवालदार चाचरत आत आला. "साहेब, तुमचं बी काढलं. फाडू का?"

मी बाहेर जाऊन पाहिले. मिशा अन्यायकारक होत्या.

"खळ कशाची आहे?"

"मोरचूदवाली."

"मग राहू दे. टिकेल."

गुन्ह्याचे दोषारोपपत्र मी वेळेत पाठवले. त्यात अफवेचे कलम होते आणि सरकारी धान्याच्या अपहाराचेही. प्रयोगशाळेचा अहवाल सुकडीचाच आला, आणि मुद्देमालाची साखळी कोर्टात कुठेही तुटली नाही. सर्वांना शिक्षा झाली.

पडताळणीचा कागद मात्र मी निकालाची वाट पाहत ठेवला नाही. वरच्या कचेरीतून विचारणा आली होती, की ज्याचे नाव संशयित म्हणून घेतले गेले त्याच्याबद्दल निर्वेध शेरा कसा देता? मी उत्तर लिहिले की त्या माणसाच्या जबाबामुळेच पोलिसांना खळीकडे पाहण्याचे सुचले, आणि त्याच्या चारित्र्याविरुद्ध ठाण्याच्या दप्तरी काहीही नाही. शेरा निळ्या शाईत गेला. पेंटर अणदूरच्या बाजूला एका शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून रुजू झाला.

पुढे माझी बदली प्रशिक्षण केंद्रात झाली. नव्या फौजदारांना शिकवताना ढगांच्या आणि विषाच्या पोस्टरांच्या नकला मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवीत असे आणि विचारत असे, यातल्या कोणत्या पोस्टरवर तुम्ही गुन्हा दाखल कराल? मुले हुशार असत, कलमे पाठ असत. तरी बहुतेकांचे बोट आधी ढगांच्या पोस्टरकडे जाई. त्यात मोठ्या माणसाची टिंगल होती, जबडा विहिरीएवढा होता, मजकूर धडधडीत खोटा होता. दुसरे पोस्टर त्यांना जबाबदार नागरिकाने दिलेल्या सूचनेसारखे वाटे. भाषा मोजकी, कोणाला शिवी नाही, शेवटी फक्त एक सल्ला.

मी त्यांच्याशी कलमांवर वाद घालत नसे. एवढेच विचारत असे की या दोहोंपैकी कोणते वाचून आईने मुलाच्या हातातला घास काढून घेतला. मग बोट दुसऱ्या पोस्टरकडे सरकायचे.